दोन बोये शेजारी शेजारी

बंगळूरला समुद्र नाही. ही माहिती मला नोकरीच्या सगळ्या वर्षांत ज्यांनी ज्यांनी पुरवली त्यांत ऑटोवाले होते, बँकेतले अधिकारी होते आणि सासरची झाडून सगळी मंडळी होती. समुद्राचा अभ्यास करायचा तर मंगळूरला जावं, मुंबईला जावं. इथे तीन हजार फूट उंचीवर बसून तू नक्की काय करतेस, असा त्यांचा सवाल असे. मी सांगे, समुद्रावर आम्ही वर्षातले थोडेच दिवस असतो. बाकीचे दिवस त्याने पाठवलेले आकडे घेऊन बसतो, आणि आकड्यांना खारी हवा लागत नाही. यावर माझे सासरे फक्त 'हं' म्हणत. सून नोकरीला होती आणि सहसा संध्याकाळी घरी येत होती, तेवढं त्यांना पुरे होतं.

या अंकाचा संपादक निखिल सर्जापूर रोडला आमच्याच सोसायटीत राहतो. पुण्याहून आलेला, कॉम्प्युटरवाला, स्वभावाने गोड. लेख मागायला आला तेव्हा म्हणाला, "काकू, जरा थ्रिलिंग लिहा ना. सायक्लोन, व्हेल, असं काहीतरी. आणि प्लीज तुमच्या त्या बंगळुरी मराठीत लिहा, सो क्यूट आहे ते." आमचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि परत जायचं विसरलं. घरात आम्ही मराठीच बोलतो, तीत कन्नड मिसळलेलं असतं, आणि त्याला कुणी क्यूट म्हटलेलं मला आवडत नाही. म्हणून हा लेख मुद्दाम शाळेतल्या बाईंना दाखवता येईल अशा मराठीत लिहिते आहे. व्हेल यात नाही. यात एक तापमापक आहे आणि माझे वरिष्ठ राव सर आहेत, ज्यांच्याशी माझं जवळजवळ वर्षभर बोलणं बंद होतं.

आधी कामाविषयी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. हवा विसराळू असते. आजच्या हवेला गेल्या पंधरवड्यातलं काही आठवत नाही. समुद्राचं तसं नाही. तो एकदा तापला की महिनोन्‌महिने ते धरून बसतो आणि सावकाश हवेला देत राहतो. म्हणून उद्याचा पाऊस हवेला विचारावा आणि पुढच्या ऋतूचा समुद्राला. आपल्या हिंदी महासागराची दोन अंगं आहेत, एक आफ्रिकेकडचं आणि एक सुमात्राकडचं. एरवी सुमात्राकडचं पाणी जास्त उबदार असतं. पण काही वर्षी ते थंड पडतं आणि आफ्रिकेकडचं तापतं. मग वारे आपल्या वाटा बदलतात, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पूर येतात, इंडोनेशियाची जंगलं वाळतात आणि आपल्या पावसाचाही नूर बदलतो. पॅसिफिकमधला एल निनो पेपरवाल्यांना तोंडपाठ आहे. आमच्या महासागरातलं हे धाकटं भावंड मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतं. मी आयुष्यभर त्याच्यामागे होते.

या विषयात असलं की गिऱ्हाईकं फार मिळतात. बंगळूरच्याच शिवाजीनगरला माझ्या मामाचं रेनकोट आणि ताडपत्री शिवायचं दुकान होतं. दर पाडव्याला मामा बेवू-बेल्ल, म्हणजे कडुनिंब आणि गूळ, हातावर ठेवायचा आणि विचारायचा, "यंदा किती?" मी म्हणायची, सरासरीपेक्षा कमी पावसाची शक्यता थोडी जास्त दिसते. मामा माझ्याकडे बघत राहायचा. "म्हणजे तुला माहीत नाही," तो म्हणायचा, आणि दरवर्षी होते तेवढेच रेनकोट शिवायला घ्यायचा. एका टीव्हीवाल्याने तर कॅमेऱ्यासमोर मला विचारलं, मॅडम, फक्त हो की नाही ते सांगा. मी नाही म्हटलं. 'हो की नाही' असं सांगता येत नाही, असं मला म्हणायचं होतं. रात्रीच्या बातम्यांत यंदा पाऊस नाही असं आलं आणि दुसऱ्या दिवशी संचालकांनी मला बोलावून घेतलं. तेव्हापासून मी टीव्हीवाल्यांना घाबरते. वादळाला तेवढी घाबरत नाही.

आता बोया. बोया म्हणजे समुद्रात नांगरून ठेवलेला तरंगता पिंप. आमचा बोया विषुववृत्ताजवळ, महासागराच्या पूर्व अंगाला होता. खाली काही किलोमीटर दोर, तळाशी वजन, वर पिंपाच्या डोक्यावर वाऱ्याची उपकरणं आणि पिंपाच्या पोटाखाली, पाण्यात, तापमापक. तो तापमान मोजायचा, आपल्या पोटात साठवायचा आणि थोडंथोडं उपग्रहामार्फत आम्हाला कळवायचा. हा बोया राव सरांनी लावला. लावला तेव्हा ते पस्तिशीतही नव्हते. पुढे दरवर्षी जहाज जाऊन त्याची देखभाल करायचं आणि आकड्यांची ती माळ वाढत राहायची. त्या भागातलं पाणी हळूहळू तापतं आहे हे सरांनी याच माळेवरून दाखवलं. त्यांचं नाव झालं ते त्यामुळे. परदेशातली माणसं त्या आलेखाला त्यांच्या नावाने ओळखायची.

राव सर आमच्यासारखेच, जुन्या बंगळुरातले मराठी. संस्थेत इंग्रजी चाले, चहाच्या वेळी कन्नड आणि हिंदी. सर आणि मी दोघंच असलो की घरची भाषा. एखादा पाहुणा शास्त्रज्ञ कंटाळवाणं बोलत असला की सर माझ्याकडे वाकून, "स्वल्प सोस, संपतंय," असं म्हणत आणि चेहरा मात्र गंभीर ठेवत. त्यांनी मला शिकवलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण त्यांचा एक नियम वेदवाक्य होता. जुनं उपकरण काढून नवं बसवायचं असेल तर दोघांना निदान वर्षभर शेजारी शेजारी ठेवायचं. दोघं एकच पाणी मोजतील. दोघांच्या आकड्यांत फरक पडला तर तो उपकरणाचा फरक, समुद्राचा नव्हे. तो फरक कळला म्हणजे जुनी माळ नव्या माळेला नीट गुंफता येते. नाहीतर पुढे आकडा चढला की समुद्र तापला की तापमापक बदलला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. इंग्रजीत याला वेगळा शब्द आहे. सर आणि मी याला शेजार म्हणायचो. सासूने किल्ल्या देण्याआधी सुनेला वर्षभर स्वयंपाकघरात बरोबर घ्यावं, तसं हे.

सर निवृत्त झाले आणि बोया माझ्याकडे आला. माझीही निवृत्ती जवळ आली तेव्हा जुना लोखंडी पिंप पार गंजला होता. नवा करायचं ठरलं. तो आम्ही होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फायबरचा करून घेतला. त्या मालकाने तोवर पाण्याच्या टाक्या केल्या होत्या. तो दर भेटीत विचारायचा, "मॅडम, यात पाणी भरायचं की पाण्यात हा ठेवायचा?" पिवळाधमक बोया ट्रकवर चढवून चेन्नईला निघाला तेव्हा मी फोटो काढून सरांना पाठवला. बसवनगुडीतल्या घरातून सरांचा लगेच फोन आला.

"रंग बरा आहे. शेजार किती ठेवणार?"

"पूर्ण वर्ष, सर. जुन्याच्या बॅटऱ्या बदलू, सगळं साफ करू आणि पुढच्या वर्षी काढू."

"वर्ष म्हणजे वर्ष. जहाजवाले घाई करतात. ऐकू नकोस."

"नाही ऐकणार."

"वचन दे की," सर म्हणाले. मी हसून दिलं. सर हसत नव्हते हे मला फोनवर कळलं नाही.

त्या सफरीची प्रमुख मी होते. हवामान चांगलं होतं. पहिल्या दिवशी नवा बोया जुन्यापासून हाकेच्या अंतरावर सोडला. तो डुलत सरळ उभा राहिला आणि त्याचे पहिले आकडे आले तेव्हा डेकवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी जुन्याची देखभाल करायची होती. हे काम नाजूक असतं. छोटी बोट सोडायची, पिंपाला दोर बांधून तो जहाजावर घ्यायचा, बॅटऱ्या आणि तापमापक बदलायचे, शिंपले खरवडायचे आणि पुन्हा अलगद पाण्यात सोडायचा. उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा दिवस त्यात जातो, आणि एकदा पिंप वर घेतला की काम अर्धवट टाकून निघता येत नाही.

सकाळी नाश्त्याला सेल्वम नव्हता. सेल्वम हा जहाजाचा स्वयंपाकी, तूतुकुडीचा. लाटांनी जहाज आडवं होत असतानाही त्याचा उपमा कधी करपला नाही. त्याच्या पोटात आदल्या रात्रीपासून दुखत होतं आणि आता ताप चढला होता. जहाजावर डॉक्टर होते, पण शस्त्रक्रियेची सोय नव्हती. कॅप्टननी मला वर बोलावलं. डॉक्टर तिथेच उभे होते.

"अपेंडिक्स असावं," डॉक्टर म्हणाले. "फुटलं नसेल तर बंदरापर्यंत नेता येईल."

"संध्याकाळपर्यंत थांबलं तर चालेल?" मी विचारलं.

"बहुतेक चालेल."

बहुतेक. हा शब्द मी उभ्या आयुष्यात किती लोकांच्या अंगावर फेकला असेल. आता तो माझ्या अंगावर आला आणि मला मामासारखंच वाटलं, की या माणसाला माहीत नाही. कॅप्टन सभ्य गृहस्थ होते. जहाज वळवायचा अधिकार त्यांचाच होता, तरी ते हिंदीत म्हणाले, "मॅडम, तुमचं काम किती मोठं आहे ते मला ठाऊक आहे. तुम्ही सांगा."

मी काचेतून बाहेर बघितलं. दोन्ही बोये दिसत होते, पिवळा आणि गंजलेला. छोटी बोट उतरवायला माणसं डेकवर तयार उभी होती. फार विचार केला असं म्हणणार नाही, त्यात विचार करण्यासारखं नव्हतंच. पण सरांचा आवाज कानात होता हे खरं. मी म्हटलं, "चला." कॅप्टननी जहाज जवळच्या बंदराकडे वळवलं. सेल्वमवर शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला. अपेंडिक्स आणखी थोड्या वेळात फुटलं असतं असं तिथले सर्जन म्हणाले. बहुतेक असं तेही म्हणाले.

सफरीचे उरलेले दिवस त्यातच संपले. जुना बोया तसाच राहिला, जुन्या बॅटऱ्यांवर. मी बंगळूरला येऊन सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"माणूस वाचला, चांगलं झालं," सर म्हणाले. "पण शेजार गेला."

"अजून चालू आहे, सर. बॅटऱ्या टिकतील तेवढे दिवस."

"किती टिकतील? जुन्या आहेत त्या. तू वचन दिलं होतंस."

"सर, माणूस मरत होता."

"ते मी कुठे नाही म्हणतोय? सरी, ठीक आहे. फोन ठेवतो."

काही आठवड्यांनी जुन्या बोयाचे संदेश थांबले. मी सरांना मेल लिहिली, उत्तर आलं नाही. माझ्या निरोपसमारंभाला ते आले नाहीत. त्यांच्या घरी गेले तर त्यांच्या पत्नी पद्माक्कांनी दार उघडलं, कॉफी दिली, आणि आतल्या खोलीकडे बघत, "झोपलेत गं," असं म्हणाल्या. आतून रेडिओ ऐकू येत होता. मला वाईट वाटलं आणि रागही आला. ज्या माणसाने मला आकड्यांची अदब शिकवली, त्याला एका जिवापेक्षा आकडे मोठे वाटावेत, हे मला पचेना. मीही मग फोन केला नाही. हट्टात आम्ही दोघं सारखेच. वर्षभर एका गावात राहून आम्ही एकमेकांचं तोंड बघितलं नाही.

निवृत्तीनंतर दिवस बरे जात होते. सोसायटीत उन्हाळ्यात टँकरची चर्चा सुरू झाली की निखिल आणि मंडळी मला मीटिंगला बसवायची आणि मी शक्यता सांगून सगळ्यांची निराशा करायची. तशात एका सकाळी रेवतीचा फोन आला. रेवती माझ्या हाताखाली तयार झालेली, आता माझ्या जागी. ती नुकतीच त्या वर्षीच्या सफरीवरून परतली होती.

"मॅडम, जुना बोया आणलाय. होता तिथेच होता. मच्छीमारांनी त्याला होड्या बांधल्या होत्या, दोर तसेच लटकत होते. शेवाळाची दाढी एवढी वाढलीय की ओळखू येत नाही."

"आणि तापमापक?"

"म्हणूनच फोन केला. तुम्ही इकडे याच."

गोष्ट अशी होती. उपग्रहाला संदेश पाठवायला बॅटरी फार लागते, ती संपली होती. पण तापमापकाला स्वतःची छोटी बॅटरी असते आणि ती फारच थोड्यावर भागवते. संदेश थांबले तरी तो आपल्या पोटात आकडे साठवतच होता. पूर्ण वर्षाचे. शेजार गेला नव्हता. आम्हाला कळवत तेवढा नव्हता. रेवतीने सांगितलं तेव्हा मी खुर्चीत बसून पोट धरून हसले. आता जाते आणि म्हाताऱ्याच्या खोलीचं दार वाजवते, असं मनात म्हटलं.

पण रेवती हसत नव्हती. तिने तापमापक प्रयोगशाळेत तपासून घेतला होता, तो चोख होता. मग तिने दोन्ही बोयांचे आकडे एका पडद्यावर काढले, नव्याची रेघ निळी, जुन्याची लाल. वाऱ्याच्या आणि ढगाळ दिवसांत दोन्ही रेघा एकमेकींवर बसत होत्या. वारा पडलेल्या, कडक उन्हाच्या दिवसांत मात्र लाल रेघ वर चढत होती. प्रत्येक वेळी. तापमापक बरोबर होता. पिंप लोखंडी होता, उन्हात तापत होता आणि वारा नसला की आपल्या पोटाखालचं पाणीही तापवत होता. तापमापक नेमकं तेच पाणी मोजत होता.

आता यात सरांचं काय, ते सांगते. तो बोया सुरुवातीला लोखंडी नव्हता. पहिला पिंप फायबरचा होता. मी नोकरीला लागण्याच्या आधी कधीतरी एका बोटीच्या धडकेने तो फुटला आणि त्याच्या जागी लोखंडी बसवला गेला, शेजार न ठेवता. आणि सरांच्या त्या प्रसिद्ध आलेखातला चढ त्यानंतरच्या वर्षांतला होता. आम्ही दोघींनी दोन दिवस गणित करून बघितलं. पाणी तापत होतं हे खरंच होतं, इतरांची मोजणीही तेच सांगत होती. पण सरांनी दाखवला त्या चढातला काही भाग समुद्राचा नव्हता, पिंपाचा होता.

रेवती म्हणाली, "मॅडम, हे छापायला घाई आहे का? सर आता थकलेत. डोळ्यांनाही नीट दिसत नाही म्हणतात. ते असेपर्यंत थांबलो तर?"

मी तिला रागावले नाही, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. कुणाला कळलं नसतं. आणखी एक सफर झाल्यावर बघू, असं आम्ही म्हटलं असतं तर ते शास्त्राला धरूनच दिसलं असतं. घरी येऊन मी दोन-तीन दिवस तेच गणित पुन्हापुन्हा करून बघितलं. ज्या आलेखावर माणसाचं सगळं आयुष्य उभं आहे तो घेऊन त्याच्या दारात कसं जायचं? तेही वर्षभर अबोला असताना. तो म्हणेल, सूड घ्यायला आलीस. शेवटी एकच वाटलं, की आपण हे झाकलं तर सरांनी शिकवलेलं सगळं फुकट. मी आलेख मोठ्या कागदावर, जाड रेघांत छापून घेतले आणि बसवनगुडीला गेले.

पद्माक्कांनी दार उघडलं आणि या वेळी सरळ आतलं दार ढकलून दिलं. सर खिडकीजवळ बसले होते. बारीक झाले होते.

"तो स्वयंपाकी बरा आहे?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे. परत जहाजावर आहे."

"मी असतो तर मीही वळवलं असतं. तरी राग आला तो आलाच. काय करणार?"

मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. बोया आणल्याचं आणि वर्षभराचे आकडे मिळाल्याचं सांगितलं. सरांनी मान झटकन वर केली. मग त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि लाल रेघेवरून बोट फिरवत गेले. बोट एका ठिकाणी थांबलं.

"हे कुठले दिवस?"

"वारा पडलेले."

"ऊन?"

"कडक."

सरांनी कागद खाली ठेवला आणि त्यावर तळहात दाबून धरला. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. पद्माक्का दारात उभ्या होत्या, त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी झालं हे कळलं होतं.

"त्या वर्षी जहाजाला दिवस नव्हते," सर हळू म्हणाले. "फुटका काढला, लोखंडी टाकला आणि निघालो. सही माझी. पुढे चढ दिसायला लागला, सगळे वाहवा करायला लागले. मनात किडा होता. थोडा पिंपाचा तर नसेल? म्हणूनच तो शेजाराचा नियम केला मी. पण लोखंडीच्या बाजूला फायबरचा ठेवून बघायचा योग कधी आला नाही. तू होसकोट्याचा फोटो पाठवलास तेव्हा वाटलं, आता कळेल. मग तुझा फोन आला. वाटलं, आता मरेपर्यंत कळायचं नाही."

वर्षभर मी समजत होते की सरांना आपली माळ तुटल्याचं दुःख आहे. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्यांच्याविषयी माया वाटली. मी म्हटलं, "सर, आम्ही दुरुस्ती छापतो आहोत. रेवतीचं नाव पहिलं, माझं दुसरं. तुमचे आभार शेवटी मानलेत." आमच्या धंद्यात नावांच्या क्रमावरून भावाभावांत होत नाहीत एवढी भांडणं होतात. पहिलं नाव म्हणजे काम त्याचं आणि जबाबदारीही त्याची, हे लहानमोठे सगळे जाणतात.

"आभारात नको," सर म्हणाले. "पहिलं नाव माझं घाल."

"कशाला, सर? लोक म्हणतील..."

"चुकीवर पहिलं नाव कुणाचं होतं?"

"तुमचं, सर."

"मग दुरुस्तीवर दुसऱ्याचं कसं घालतेस? रेवती दुसरी, तू तिसरी. तिला सांग, काम तिचं आहे ते मला ठाऊक आहे, पण एवढं मला द्यावं. आणि पहिलं वाक्य मी सांगतो तसं लिही. लोखंडी पिंप शेजार न ठेवता बसवला गेला, असं नको. बसवला कुणी? मी बसवला, असं लिही."

मी पर्स उघडून पेन शोधायला लागले. पेन समोरच होतं, पण मला दिसेना. डोळे भरून आले होते आणि ते लपवण्याचं माझं वय राहिलं नव्हतं. सरांनी कागद पुन्हा उचलला, लाल रेघ बघितली, निळी बघितली. निळी खाली होती.

"रडतेस कशाला गं?" ते म्हणाले. "तिथलं पाणी मी म्हटलं त्यापेक्षा कमी तापलंय ना? मग चांगलंच झालं की."